नॅस तापलाय? आधी खोली किती तापलीय ते बघा

मागच्या अंकात घरच्या नॅसबद्दल लिहिलं होतं, म्हणजे घरातल्या सगळ्यांचे फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं एका जागी ठेवायचा तो छोटा डबा, आत दोन किंवा चार हार्डडिस्क आणि मागे एक फॅन. त्यावर बरीच पत्रं आली आणि बहुतेक सगळ्यांचा विषय एकच, डिस्क तापतेय, काय करू. मे महिना आहे त्यामुळे साहजिकच आहे. म्हणून यावेळी फक्त गरम होण्याबद्दलचेच प्रश्न घेतलेत.

ताई नमस्कार. आमच्याकडे सिनॉलॉजी कंपनीचा दोन डिस्कवाला नॅस आहे, मागच्या दिवाळीत घेतला. थंडीत डिस्क 33-34 अंश दाखवायची, आता दुपारी 53 दाखवते आणि रात्रीपण 48 च्या खाली येत नाही. हॉलमध्ये टीव्ही युनिटच्या काचेच्या कप्प्यात ठेवलाय. मुलीचे जन्मापासूनचे फोटो त्यात आहेत. मिस्टर म्हणतात पावसाळ्यापर्यंत बंदच करून ठेव. करू का? (एक वाचक, अकोला)

बंद नका करू, पण त्या काचेच्या कप्प्यातून आजच्या आज बाहेर काढा, पत्र पुढे वाचायच्या आधी काढलात तरी चालेल.

आता कारण सांगते. तुम्ही 53 आकडा लिहिलाय पण खोलीत किती होतं ते लिहिलं नाहीये, आणि खरी गंमत तिथेच आहे. नॅसच्या आतला फॅन हवा थंड करत नाही, तो फक्त खोलीतली हवा आत ओढून डिस्कवरून फिरवून मागून बाहेर टाकतो, म्हणजे डिस्क खोलीपेक्षा थंड कधीच होणार नाही, ती कायम खोलीच्या काही अंश वरच राहणार. उघड्या टेबलावर ठेवलेल्या दोन डिस्कच्या नॅसमध्ये हा फरक माझ्या बघण्यात साधारण 8 ते 12 अंश असतो. थंडीत तुमची डिस्क 33 होती तेव्हा खोली 22-23 असणार, म्हणजे फरक दहा-अकरा, अगदी ठीक. आता मे मध्ये खोली 38 धरली तर डिस्क 48-49 यायला हवी होती, तुम्हाला 53 दिसतेय. म्हणजे वरचे चार-पाच अंश उन्हाळ्याचे नाहीत, त्या कप्प्याचे आहेत.

थंडीत कप्पा का नाही नडला असं विचाराल, तर थंडीत बहुतेक काच थोडी सरकवलेली असेल, आता धूळ नको म्हणून पूर्ण लावलीय. (असं नसेल तर फॅनवर धूळ बसलीय का ते टॉर्च लावून बघा.) दोन डिस्कचा नॅस चालू असताना साधारण 15 वॅट वीज खातो आणि ती सगळीच्या सगळी शेवटी उष्णताच होते, म्हणजे बंद कपाटात चोवीस तास एक छोटा बल्ब जळत ठेवल्यासारखं आहे. फॅन तीच तापलेली हवा परत परत आत घेत राहतो, तो कितीही जोरात फिरला तरी काही उपयोग नाही. रात्री 48 च्या खाली का येत नाही त्याचंही कारण हेच, खोली निवते पण कप्पा निवत नाही.

हे मी एवढ्या खात्रीनं सांगतेय कारण आमच्याच घरी झालंय. काही वर्षांपूर्वी असंच उन्हाळ्यात डिस्क चार दिवसात 44 वरून 57 वर गेली, मी सेटिंगा तपासल्या, फॅन फुल स्पीडला टाकला, काही फरक पडेना. शेवटी उठून नॅसपाशी जाऊन बघितलं तर सासूबाईंनी त्यावर क्रोशाचा विणलेला रुमाल घातला होता, छान निळ्या काठाचा, समोरची जाळी आणि मागचा फॅन दोन्ही झाकेल असा. आपल्याकडे मिक्सरला कव्हर, फ्रिजला कव्हर, वॉशिंग मशीनला कव्हर, धुळीपासून जपायचं म्हणून प्रेमानं घालतात, त्यांचं काहीच चुकलं नाही, मीच कधी सांगितलं नव्हतं की या डब्याला श्वास लागतो. रुमाल काढल्यावर तासाभरात 46 ला आली. तेव्हापासून मी घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवलंय की हवा इथून आत जाते आणि इथून बाहेर येते, दोन्हीकडे वीतभर जागा मोकळी पाहिजे. तुम्हीही मिस्टरांना आणि मुलीला दाखवून ठेवा.

आकड्यांबद्दल एक गोंधळ सगळ्यांचाच होतो तो पण इथेच सांगते. नॅससाठीच्या डिस्कच्या माहितीपत्रकात कमाल तापमान 65 वगैरे दिलेलं असतं, उदाहरणार्थ वेस्टर्न डिजिटल (डब्ल्यूडी) कंपनीच्या रेड प्लस डिस्कला 0 ते 65. पण नॅसच्या डब्याच्या माहितीपत्रकात 0 ते 40 दिलेलं असतं आणि लोक घाबरतात की माझी डिस्क तर 48 आहे म्हणजे मर्यादा ओलांडली. तसं नाहीये, ते 40 म्हणजे खोलीतल्या हवेचं तापमान. डिस्कचा आकडा वेगळा, खोलीचा वेगळा. पण अकोल्याला हे 40 च जास्त महत्त्वाचं आहे, कारण बाहेर 45 असताना स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावर खोली दुपारी सहज 40 च्या वर जाते. तुमच्याकडे तसं होत असेल तर मिस्टरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, पावसाळ्यापर्यंत नाही पण दुपारी 12 ते 5 बंद ठेवा. कंट्रोल पॅनेलमध्ये हार्डवेअर अँड पॉवरमध्ये पॉवर शेड्यूल आहे तिथे वेळ लावून द्या, आपोआप बंद होईल आपोआप चालू होईल. दिवसातून एकदा बंद-चालू केल्यानं डिस्कला काही होत नाही.

आणि कूलर. तुमच्याकडे कूलर असणारच, विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात तो खोली मस्त थंड करतो आणि खोली थंड झाली की डिस्कही तेवढीच थंड होते, पण नॅस कूलरच्या थेट झोताच्या समोर ठेवू नका. झोताबरोबर बारीक तुषार येतात आणि पाणी जड असेल तर वाळल्यावर पांढरी पूड राहते, कूलरच्या जाळीवर बसते बघा तीच. ती आतल्या सर्किटवर बसायला नको. त्याच खोलीत पण बाजूला ठेवा.

53 नं फोटो जातील का, तर लगेच नाही. गूगलनं 2007 मध्ये स्वतःकडच्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला होता, त्यात तापमान आणि डिस्क मरण्याचा संबंध लोक समजतात तेवढा घट्ट निघाला नाही. फरक दिसला तो मुख्यतः तीन वर्षं आणि त्याहून जुन्या डिस्कमध्ये आणि 45 च्या वर. तुमची डिस्क दिवाळीतली आहे, नवी आहे, एक उन्हाळा 50 च्या आसपास गेला तर जीव काढत नाही. पण दरवर्षी तसंच ठेवलं तर चौथ्या-पाचव्या वर्षी त्याचा हिशोब द्यावा लागतो. आणि मुलीच्या फोटोंची दुसरी कॉपी आहे का ते तुम्ही लिहिलंच नाही, नसेल तर ते काम तापमानाच्या आधी करा.

नॅस बेडरूममध्ये आहे, रात्री फॅनचा आवाज येतो म्हणून क्वाएट मोड लावला, तर डिस्क 39 वरून 45 झाली. झोप महत्त्वाची की डिस्क? (पुणे)

झोप. 45 चालतंय. फॅनला सहसा तीन मोड असतात, फुल स्पीड, कूल आणि क्वाएट, आणि क्वाएटमध्येसुद्धा आत जास्त तापलं तर फॅन स्वतःहून वेग वाढवतो, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. मात्र एक बघा, आवाज हवेचा आहे की घरघर आहे. हवेचा सूंसूं आवाज म्हणजे फॅन जोरात फिरतोय, पण घरघर, टकटक किंवा चालू करताना चीं असा आवाज म्हणजे बहुतेक फॅनच्या बेअरिंगमध्ये धूळ गेलीय. पुण्यात बांधकामाच्या जवळ राहात असाल तर दर तीन-चार महिन्यांनी साफ करावाच लागतो. नॅस नीट शटडाउन करायचा, वायर काढायची, फॅनची पाती बोटानं धरून ठेवायची आणि मऊ ब्रशनं किंवा ब्लोअरनं धूळ काढायची. पाती धरायची विसरू नका, ब्लोअरच्या हवेनं पाती भन्नाट वेगानं फिरतात आणि बेअरिंगचं नुकसान होतं. दोन डिस्कच्या बऱ्याच मॉडेलमध्ये 92 मिलिमीटरचा साधा फॅन असतो, बदलता येतो, जुना काढून तसाच दुकानात दाखवायला न्या म्हणजे पिना आणि जाडी जुळते. आणि जमलं तर नॅस लाकडी कपाटावरून उतरवून खाली एक जाड रबरी मॅट घाला, अर्धा आवाज डब्याचा नसतो, लाकूड थरथरतं त्याचा असतो.

आमचं घर रत्नागिरीत समुद्रापासून जवळ आहे. पावसाळ्यात सगळ्याला बुरशी येते म्हणून नॅस एसीच्या खोलीत ठेवलाय, एसी रात्री चालू दिवसा बंद. आम्ही तीन महिने मुंबईला असतो तेव्हा नॅस बंद ठेवतो. बरोबर आहे ना?

तुमची काळजी बरोबर आहे पण उपाय उलटा होतोय, जरा समजून घ्या.

कोकणात पावसाळ्यात तापमान हा प्रश्नच नाही, ओल आहे. आणि ओलीच्या बाबतीत चालू नॅस हा बंद नॅसपेक्षा सुखरूप असतो. हवा तापली की तिची सापेक्ष आर्द्रता उतरते, खोलीत 28 अंशाला 90 टक्के असेल तर तीच हवा नॅसच्या आत 38 ला तापल्यावर 50 टक्क्यांच्या जवळपास येते. म्हणजे चालू नॅस स्वतःला आतून कोरडा ठेवत असतो. तोच तीन महिने बंद पडून राहिला की आतलं सगळं बाहेरच्या खाऱ्या दमट हवेइतकंच ओलं, कनेक्टरच्या पिना काळवंडतात, फॅन अडकतो.

एसीचं आणखी वेगळं. समजा रात्री एसी 22 वर आहे आणि नॅस बंद आहे, म्हणजे त्याचा पत्रा, डिस्क सगळं 22 ला आलेलं आहे. सकाळी एसी बंद करून खिडकी उघडलीत, बाहेरची 30 अंशाची ओथंबलेली हवा आत आली की त्या थंड पत्र्यावर दव धरतं, एसी गाडीतून उतरल्यावर चष्मा धुरकट होतो ना अगदी तसं. चालू नॅसचं असं होत नाही कारण तो आतून गरम असतो. तेव्हा एकतर एसीच्या खोलीत ठेवायचा असेल तर चालूच ठेवा, नाहीतर सरळ एसी नसलेल्या हवेशीर खोलीत ठेवा, खिडकीपासून लांब, भिंतीला ओल नसेल तिथे, आणि तिथेही चालूच. तीन महिने घर बंद असेल आणि वीज जात-येत असेल म्हणून चालू ठेवायचा नसेल तर नॅस बरोबर मुंबईला घेऊन जा, डिस्क काढून गुंडाळून वेगळ्या न्या. रत्नागिरीच्या बंद घरात पावसाळाभर बंद नॅस हे मात्र करू नका.

नॅस घ्यायचं बजेट नव्हतं म्हणून वायफाय राउटरच्या यूएसबीला 2 टीबीची पोर्टेबल डिस्क लावलीय, राउटरवरच ठेवलीय, खाली यूपीएस. सिरीयल-सिनेमे बघतो सगळे त्यावरून. डिस्कला हात लावला तर चटका बसल्यासारखं होतं. (डोंबिवली)

ही जुळणी बहुतेक घरांत आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, सुरुवात अशीच होते. पण तुम्ही तीन गरम वस्तू एकावर एक रचल्यात. खाली यूपीएस तापतो, त्याची हवा राउटरला, राउटरची डिस्कला, आणि पोर्टेबल डिस्कला ना फॅन ना जाळी, सगळी बाजूनं बंद प्लास्टिकची डबी. अशा पोर्टेबल डिस्कची मर्यादा नॅसहून कमी असते, डब्ल्यूडीच्या माय पासपोर्टला खोलीचं तापमान 5 ते 35 दिलंय. डोंबिवलीत उन्हाळ्यात घरात 35 होणं काही अवघड नाही.

एक पैसा खर्च न करता करायचं म्हणजे तिघांना वेगळं करा. डिस्क लांब वायरनं बाजूला घ्या आणि आडवी नको, कडेवर उभी ठेवा, दोन लाकडी ठोकळ्यांमध्ये किंवा पुस्तकं उभी करायच्या स्टँडमध्ये, म्हणजे दोन्ही अंगांनी हवा लागते. फक्त कुणाचा धक्का लागून पडणार नाही अशी ठेवा, चालू डिस्क आडवी पडली तर ते उष्णतेपेक्षा वाईट. एवढ्यानं भागलं नाही तर यूएसबीवर चालणारा छोटा पंखा मिळतो तो समोर लावा, पण त्याला वीज मोबाईलच्या चार्जरवरून द्या, राउटरच्या दुसऱ्या पोर्टवरून नको, डिस्कला आधीच वीज जेमतेम पुरते तिथे.

यूपीएससाठीही वेगळं करणं गरजेचं आहे. त्यातल्या लेड-ॲसिड बॅटरीचा हिशोब असा धरतात की 25 अंशांच्या वर दर 10 अंशाला आयुष्य निम्मं. तीन वर्षं टिकायची ती बॅटरी दीड वर्षात गेली की आपण बॅटरीला नावं ठेवतो.

आम्ही कॅनडात कॅल्गरीला असतो. गराजमध्ये नॅस ठेवला तर फुकटचं कूलिंग मिळेल असं नवरा म्हणतो. बेसमेंट हा दुसरा पर्याय, तिथे 16-17 अंश असतात.

बेसमेंट, विचार न करता. तिथे डिस्क 26-27 ला राहील, सुंदर. तापवलेलं नसलेलं गराज नको, कॅल्गरीच्या थंडीत तिथे शून्याच्या बऱ्याच खाली जातं आणि नॅसची खालची मर्यादाच 0 आहे. गूगलच्या त्या अभ्यासात फार थंड डिस्क उलट जास्त बिघडलेल्या दिसल्या होत्या, म्हणजे जितकं थंड तितकं चांगलं हे खरं नाही. आणि कधी नवीन डिस्क कुरियरनं थंडीत आली तर पिशवी न फोडता काही तास घरात ठेवा आणि मग लावा, नाहीतर रत्नागिरीच्या उत्तरात लिहिलंय तसं दव धरेल.

क्यूनॅप कंपनीचा चार डिस्कचा नॅस आहे. तीन डिस्क 44-45 आणि चौथी 51. सेन्सर चुकीचा की डिस्क जाणार? (नागपूर)

सेन्सर चुकू शकतो, तुमच्याच नागपुरात 2024 च्या मे अखेरीस एका स्वयंचलित हवामान केंद्रावर 56 अंशांची नोंद झाली होती आणि नंतर तिथला सेन्सरच बिघडल्याचं निघालं. डिस्कच्या सेन्सरमध्ये एक-दोन अंश इकडेतिकडे असणं नेहमीचंच. पण सहा अंश जास्त आहेत, म्हणून आधी एक प्रश्न, ही चौथी पहिल्यापासूनच अशी आहे की आता झाली?

पहिल्यापासून असेल तर बहुतेक ती वेगळ्या जातीची डिस्क आहे, बाकी तीन 5400 आरपीएमच्या (म्हणजे मिनिटाला 5400 फेरे घेणाऱ्या) आणि ही 7200 ची, किंवा ती अशा खणात आहे जिथे फॅनची हवा कमी पोचते. मग काळजी नाही, फॅन थोडा वाढवा आणि सोडून द्या.

आता आता झालेलं असेल तर मात्र हलक्यात घेऊ नका. खोली तीच, फॅन तोच, शेजारच्या तिघी जिथल्या तिथे आणि एकच वर चढली म्हणजे ती काहीतरी जास्त मेहनत करतेय. स्मार्टची (SMART, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) माहिती उघडा आणि तापमानाची 194 नंबरची ओळ सोडून 5, 197 आणि 198 या तीन ओळी बघा. 5 म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे छोटे भाग), 197 म्हणजे वाचताना अडलेले आणि निकालाची वाट बघणारे, 198 म्हणजे वाचता न आलेले. तिन्हींच्या कच्च्या आकड्याच्या (रॉ व्हॅल्यू) रकान्यात शून्य असेल तर आठवडाभर रोज बघत राहा. तिन्हींपैकी एका जरी ओळीत शून्याहून मोठा आकडा असेल आणि तो वाढत असेल तर नवीन डिस्क मागवा. त्याच गूगलच्या अभ्यासात असं आढळलं होतं की डिस्क तपासताना पहिली चूक सापडल्यानंतरच्या 60 दिवसांत ती डिस्क मरायची शक्यता, चूक नसलेल्या डिस्कपेक्षा 39 पट असते. तापमानापेक्षा हा इशारा कितीतरी पक्का आहे, मला तर वाटतं लोकांनी रोज तापमान बघण्याऐवजी आठवड्यातून एकदा या तीन ओळी बघाव्यात.

आणि डिस्क बदलायची वेळ आलीच तर नवीन डिस्क घातल्यावर रेड (RAID, म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा राहावा अशा रीतीनं तो सगळ्या डिस्कवर वाटून ठेवायची पद्धत) परत बांधला जातो त्यात सगळ्या डिस्क कित्येक तास सलग वाचल्या जातात, वर्षभरात एवढ्या तापत नाहीत तेवढ्या तेव्हा तापतात, आणि जुन्या डिस्कची खरी परीक्षा तेव्हाच असते. म्हणून त्या आधी बॅकअप घ्या आणि हे काम नागपूरच्या मे महिन्यात दुपारी सुरू करू नका. संध्याकाळी सात-आठला, कूलर लावलेल्या खोलीत, नॅसच्या समोर टेबलफॅन ठेवून सुरू करा. डेटा स्क्रबिंगचंही (नॅस सगळ्या डिस्क वाचून चुका तपासतो ते काम) तसंच, उन्हाळ्यात त्याची वेळ रात्री 11 नंतरची लावून ठेवा.

प्रोसेसर 64 दाखवतो, जास्त आहे का? आणि डिस्क थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवून लावली तर? (सांगली)

प्रोसेसरला 64 काहीच नाही, त्याची सहनशक्ती डिस्कहून बरीच जास्त असते, तो आकडा डिस्कच्या आकड्यात मिसळू नका. फ्रिजमध्ये अजिबात ठेवू नका, बाहेर काढल्या काढल्या आत-बाहेर पाणी धरेल. दोनतीनशे रुपयांचं भिंतीवरचं थर्मामीटर आणा, नॅसपासून हातभर लांब टांगा, आणि महिनाभर खोलीचा आणि डिस्कचा आकडा शेजारी शेजारी वहीत लिहा, सकाळी एकदा आणि दुपारी तीनला एकदा. पुढच्या वेळी प्रश्न पाठवाल तेव्हा ते दोन्ही आकडे पाठवा, तुमच्या नॅसला नक्की काय होतंय ते मला तेवढ्यावरून सांगता येईल.